फिजिओ मॅडम, तुमचे मनापासून आभार

आदरणीय मॅडम,

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडपणे लिहितेय. स्तनाच्या कॅन्सरनंतर श्वासाचेही व्यायाम असतात, हे तुमच्याकडे येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. इतर बायकांना ते वेळेत कळायला हवं.

ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडलं, रिपोर्टही चांगले आले. तरी गिरगावातल्या आमच्या चाळीचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबावं लागायचं. "अशक्तपणा आहे, पडून राहा," असं जो तो मायेनं सांगायचा.

तुम्ही लगेच व्यायामाला हात घातला नाहीत. हिमोग्लोबिन, टू-डी इको, छातीचा एक्स-रे पाहिलात, माझ्या डॉक्टरांशी बोललात. केमोच्या काही औषधांचा हृदयावर आणि रेडिएशनचा फुप्फुसांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून धाप लागली की आधी कारण शोधायचं, हे समजावून सांगितलंत.

मग श्वास आत ओढण्याची ताकद मोजलीत. ती कमी भरली. टाके ओढले जातील या भीतीनं मी वरवरच श्वास घेत होते, रेडिएशननं छाती आवळली होती, त्यात केमोचा थकवा. फुप्फुसांखालचा श्वासपटल हाही एक स्नायूच. वापरला नाही तर तोही दुबळा होतो.

बरगड्यांवर हात ठेवून श्वास शिकवताना, स्तन काढलेल्या बाजूला तुमचा हात लागला आणि मी अंग चोरलं. तुम्ही काही न बोलता हात मागे घेतलात. माझाच तळवा तिथे ठेवायला लावलात, आणि मला विचारून त्यावर तुमचा हात ठेवलात. "खांदे सैल सोडा. आता आपल्या दोघींच्या हातांना बाहेर ढकला." त्या जागेला मी स्वतःही नीट हात लावला नव्हता, मॅडम. हे उपकार मी कसे फेडू?

पुढे ते स्प्रिंगचं छोटं यंत्र आलं. नाकाला चिमटा, नळी तोंडात. ठरावीक जोरानं श्वास आत ओढल्याशिवाय झडप उघडतच नाही. वॉर्डात दिलेला तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर फुप्फुसं फुलवण्यासाठी होता, हे यंत्र स्नायूला कस लावतं. माझ्या ताकदीच्या ३० टक्क्यांपासून सुरुवात, सकाळी ३० श्वास, संध्याकाळी ३०. चक्कर आली तर थांबायचं. ताकद वाढेल तशी स्प्रिंग घट्ट करत गेलात.

आता चिराबाजारातून मासळीची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत येते, तेही शेजारणीशी बोलत बोलत.

आमच्या चाळीतल्या एका वहिनींचं ऑपरेशन ठरलंय. त्या फार घाबरल्यात. ऑपरेशनच्या आधीच त्यांना तुमच्याकडे घेऊन येतेय, तेवढा वेळ त्यांच्यासाठी काढा.

तुमची ऋणी,
गिरगावची एक पेशंट