परसातली भट्टी : वारा आवरा, भंगार ओळखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पलूस, तासगाव, मिरज भागातली काही तरुण मंडळी घराच्या परसात भट्टी लावून लोहारकाम शिकू पाहत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण सुरुवातच मोठी भट्टी आणि जोरदार ब्लोअर घेऊन केली, की कोळसाही जळतो आणि लोखंडही. शिकाऊ माणसाला छोटी भट्टी आणि ताब्यात राहणारा वारा पुरतो.

भट्टीसाठी जीप किंवा कारचा जुना ब्रेक ड्रम घ्यावा. ट्रकचा ड्रम नको, तो कोळसा फार खातो. तळाला १० मिमी जाड पट्टी, तिला ८ मिमीची सात-आठ भोकं. खालून दीड इंची पाइपाला टी जोडावा : आडव्या तोंडातून वारा, खालच्या तोंडाला राख पाडायचं झाकण. पाइप काळाच हवा. जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप तापला की जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. आतून मातीचं अस्तर द्यावं, पण आपल्याकडची काळी माती नुसती थापली तर वाळताच भेगाळते. एक वाटा माती, दोन वाटे बारीक वाळू आणि थोडी राख असं मिश्रण करून सावलीत चार-पाच दिवस वाळू द्यावं. अस्तर ओलं असताना मोठा जाळ केला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन कपचे उडतात.

बाभळीचा लोणारी कोळसा उत्तम. लिंबाएवढे तुकडे करावेत आणि भोकांवर पाच-सहा इंचांचा थर ठेवावा. लोखंड त्यात आडवं ठेवायचं, वर दोन इंच कोळसा. ते खाली वाऱ्याच्या तोंडाशी खुपसलं तर वाऱ्यातला ऑक्सिजन थेट त्याला खातो आणि वर जळक्या लोखंडाचा पोपडा धरतो. पोपडा फार सुटत असेल तर वारा कमी करा किंवा कोळसा वाढवा. लोखंडातूनच पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या तर तेवढा भाग जळाला, तो कापून टाकावा. ठोकून तो नीट होत नाही.

घाव घालायचा तो नारिंगी-पिवळ्या रंगावर, साधारण १००० ते ११०० अंशांना. काळपट लाल झालं की थांबून पुन्हा भट्टीत घालावं, नाहीतर पोलादाला चिरा जातात. उन्हात हा रंग दिसत नाही, म्हणून सावली हवी. पण बंद खोली मुळीच नको. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चारी बाजूंनी उघडं छप्पर सर्वांत बरं.

ऐरण म्हणून रुळाचा तुकडा शोधत फिरू नये. रेल्वेचा माल बेकायदा जवळ बाळगणं १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. दहा-पंधरा किलोचा पोलादी ठोकळा बाभळीच्या ओंडक्यात घट्ट बसवला की काम भागतं. उभं राहून काम करायचं असेल तर हात खाली सोडून मूठ वळल्यावर ती ऐरणीला टेकेल, इतकी उंची ठेवावी. हातोडा किलोभराचा.

खरी फसगत भंगारात होते. किर्लोस्करवाडी, कुपवाड हा ओतकामाचा पट्टा, त्यामुळे भंगारात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, भरपूर. बीड तापवून ठोकलं की त्याचे तुकडे पडतात. तुकडा ग्राइंडरला लावून पाहावा : बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर, साध्या लोखंडाच्या लांब आणि सरळ, गाडीच्या कमानपाट्याच्या पोलादाच्या टोकाशी फुटून फुलबाजीसारख्या. पहिली कामं ८-१० मिमीच्या साध्या सळईवर करावीत : आकडा, निखारे सारायची सळई, मग सांडशी. हात बसल्यावर ट्रकच्या कमानपाट्याचं खुरपं.

खुरप्याला पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम थंड करून धार कडक करताना, साधं पाणी वापरू नये. हे पोलाद पाण्यात टिंग आवाज करून तडकतं. धार तापवत जावं आणि चुंबक चिकटायचं थांबलं, की त्याहून किंचित जास्त तापवून ५०-६० अंश कोमट केलेल्या गोडेतेलात बुडवावी. तेल लोखंडी डब्यात, झाकण हाताशी. मग धार घासून पांढरी करावी आणि पाठीकडून हळूहळू शेक द्यावा. पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग धारेकडे सरकतात. विळ्याला तपकिरी रंगावर थांबावं, दगडमातीत जाणाऱ्या खुरप्याला जांभळ्यावर. हा शेक चुकवला तर धार काचेसारखी ठिसूळ राहते आणि पहिल्याच खड्याला तुकडा उडतो.

अंगावर सुती कपडे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. ऊस तुटून शेजारच्या रानात पाचट पडलं असेल तर वाऱ्याच्या दिवशी भट्टी पेटवूच नये. काम संपल्यावर तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये. तोही बिडाचाच असतो, तडकतो.

यातलं पुष्कळसं गावच्या लोहाराच्या भट्टीवर दोन दिवस घण मारला तरी कळतं, आणि त्याची मजुरी त्याला जरूर द्यावी. सांगली-साताऱ्यातल्या आयटीआयनी सुटीच्या दिवशी लोहारकामाचा वर्ग काढावा आणि शिकवायला अशाच लोहारांना मानधनावर बोलवावं, ही आमची विनंती आहे.

— परसात लोहारकाम करणारे काही वाचक, पलूस (जि. सांगली)