आयटी सपोर्टवाल्यांसाठी लोकल सर्चची वाट सोपी करणाऱ्या ताईंना जाहीर आभारपत्र

सप्रेम नमस्कार ताई,

आमच्या आयटी सपोर्टच्या वेबसाइटची आणि गुगलवरच्या बिझनेस प्रोफाइलची (शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीची) तुम्ही बारकाईने तपासणी करून दिलीत, त्याबद्दल हे पत्र. जाहीर लिहिण्याचं कारण असं, की तुमच्या टिपणात प्रत्येक सूचनेसोबत तिचं कारण आहे आणि ती कारणं या व्यवसायातल्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहेत. त्यामुळे आभार मानता मानता त्यातलं महत्त्वाचं इथे मांडतो आहोत.

सगळ्यात मोठे आभार तुम्ही सुरुवात जिथून केलीत, त्याबद्दल. लोकल सर्चविषयी, म्हणजे जवळपासची सेवा शोधणाऱ्याला गुगलवर दिसण्याविषयी, मिळणारा बहुतेक सल्ला दुकानदारांसाठी असतो. ग्राहक पत्ता शोधत आपल्या दारात येणार, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. आयटी सपोर्टमध्ये नेमकं उलट घडतं. आपला माणूस बॅग घेऊन ग्राहकाच्या ऑफिसात जातो आणि बरंचसं काम रिमोटवरूनच उरकतं. ग्राहकाला आपलं ऑफिस कसं दिसतं हे कधी कळतही नाही. दुकानाचे नियम अशा व्यवसायाला लावले की काय बिघडतं, हे इतक्या स्पष्टपणे आम्हाला दुसऱ्या कोणी सांगितलं नव्हतं.

लोकल निकालांचा क्रम सुसंगतता (शोधाशी जुळणं), अंतर आणि व्यवसायाची ठळक ओळख या तीन गोष्टींवर ठरतो, असं गुगल स्वतःच सांगतं. यातलं अंतर आपल्या हातात नाही, हे तुम्ही पहिल्याच पानावर लिहिलंत. ३० नोव्हेंबर ते ८ डिसेंबर २०२१ या काळात झालेल्या लोकल अपडेटनंतर (गुगलने क्रम ठरवायच्या पद्धतीत केलेल्या बदलानंतर) अंतराचं वजन आणखी वाढल्याचं या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी नोंदवलं आहे. ग्राहक पत्त्यावर येत नसेल तर पत्ता लपवायचा आणि सेवाक्षेत्र भरायचं, हा नियम आहे. सेवाक्षेत्रात जास्तीत जास्त २० भाग देता येतात आणि त्याची हद्द आपल्या ठिकाणापासून गाडीने साधारण २ तासांच्या आत असावी लागते. इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. २० भागांची नावं भरली म्हणून त्या २० ठिकाणी आपण वर दिसत नाही. पत्ता लपवला तरी अंतर मोजलं जातं ते पडताळणी झालेल्या पत्त्यापासूनच. सेवाक्षेत्र ही ग्राहकाला दिलेली माहिती आहे, क्रम वाढवायचं साधन नाही. हे कळलं की लांबच्या भागात भाड्याचा व्हर्च्युअल पत्ता घेऊन दुसरं प्रोफाइल उघडायचा मोह आपोआप सुटतो. जिथे कामाच्या वेळेत आपला कर्मचारी बसत नाही, तो पत्ता नियमात बसतही नाही आणि त्यापायी प्रोफाइल निलंबित होऊ शकतं.

नावाबाबत तुम्ही ठाम होतात. पाटीवर, बिलावर आणि कागदपत्रांवर जे नाव आहे तेवढंच प्रोफाइलवर. पुढे ‘लॅपटॉप दुरुस्ती, नेटवर्किंग, डेटा रिकव्हरी’ अशी शेपटं जोडलेली प्रोफाइलं काही काळ वर दिसतातही, पण कोणीही ‘बदल सुचवा’ वापरून तक्रार केली की नाव बदललं जातं किंवा प्रोफाइलच बंद होतं. अशा वेळच्या अपिलाबद्दलची तुमची सूचना तर प्रत्येकाने लिहून ठेवावी. पुरावे जोडायचा फॉर्म एकदा उघडला की ते देण्यासाठी ६० मिनिटंच मिळतात. म्हणून नोंदणीचा दाखला, कराची नोंदणी आणि त्याच नाव-पत्त्याचं वीज किंवा फोनचं बिल आधी स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवायचं आणि मगच अपील सुरू करायचं. व्यवसाय खरा आहे हे गुगलला दाखवायच्या पडताळणीच्या व्हिडिओचंही तसंच. तो न थांबता, एका दमात, कापाकापी न करता काढावा लागतो. पत्ता दाखवायचा नसला तर परिसर, कामाची अवजारं (केबलची टोकं बसवायचं क्रिम्पिंग टूल, केबल टेस्टर), नाव लिहिलेली गाडी किंवा गणवेश आणि व्यवसाय आपणच चालवतो हे सिद्ध करणारी वस्तू किंवा कागद दाखवायचे.

मुख्य कॅटेगरीवर, म्हणजे प्रोफाइलवर निवडायच्या व्यवसायाच्या प्रकारावर, तुम्ही जितका वेळ दिलात तितका कोणी देत नाही. एक मुख्य आणि ९ जादा, अशा एकूण १० कॅटेगरी घेता येतात. जागा आहे म्हणून सगळ्या भरल्या की व्यवसाय नक्की कशाचा हेच धूसर होतं. कंपन्यांशी देखभालीचे करार हे मुख्य उत्पन्न असेल तर मुख्य कॅटेगरी ‘कॉम्प्युटर सपोर्ट अँड सर्व्हिसेस’. लोक मशीन आणून देत असतील तर ‘कॉम्प्युटर रिपेअर सर्व्हिस’. आधी उत्पन्न कुठून येतं ते बघा आणि मग कॅटेगरी ठरवा, हा तुमचा क्रम आम्हाला फार पटला. वेळांबद्दलचा इशाराही तितकाच मोलाचा. व्यवसाय त्या क्षणी उघडा आहे की नाही याचा लोकल क्रमावर परिणाम होतो, हे २०२३ च्या अखेरीस गुगलकडूनच सांगण्यात आलं. ते ऐकून अनेकांनी २४ तास उघडं असल्याचं दाखवायला सुरुवात केली. रात्री २ वाजता सर्व्हर बंद पडलेल्या माणसाने फोन केला आणि कोणी उचलला नाही, तर पुढे येणारा एक स्टारचा रिव्ह्यू कायमचा राहतो. फोन खरोखर उचलला जातो त्याच वेळा टाकायच्या.

जाहिरातींच्या धोरणाचा मुद्दा तुम्ही काढलात, त्याचेही आभार. तांत्रिक मदतीच्या नावाखाली चाललेल्या फसवणुकीमुळे गुगलने २०१८ मध्ये त्रयस्थ कंपन्यांच्या तांत्रिक सपोर्टच्या जाहिरातींवर निर्बंध घातले. घरगुती ग्राहकांच्या उपकरणांना सपोर्ट देणाऱ्यांची जाहिरात नामंजूर होते ती त्यामुळेच. कंपनी कितीही सचोटीची असो, नियमापुढे सगळे सारखेच. म्हणजे पैसे मोजून वर येण्याची वाट जिथे बंद आहे, तिथे प्रोफाइल आणि वेबसाइटची विश्वासार्हता हाच रस्ता उरतो. याच कारणाने मोठ्या ब्रँडचं नाव आणि लोगो वापरून अधिकृत सेवा केंद्र असल्याचा भास निर्माण करणारी एकही ओळ साइटवर नको, असं तुम्ही बजावलंत. अधिकृत भागीदारी नसेल तर तसं स्पष्ट लिहायचं. फसवणूक करणारे नेमकं तेच लपवतात.

वेबसाइटच्या भागात तुमचं खरं कसब दिसतं. ‘एंड टू एंड मॅनेज्ड सोल्यूशन्स’ ही आपली भाषा झाली, ग्राहक ती शोधत नाही. तो टाइप करतो ‘प्रिंटर ऑफलाइन दाखवतो’, ‘आउटलुक सारखा पासवर्ड मागतो’, ‘ऑफिसचं वायफाय मधेच तुटतं’. हेल्पडेस्कच्या तिकिटांमधले (ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारींमधले) विषय काढा, सारखे सारखे येणारे वेगळे करा आणि प्रत्येक सेवेला स्वतंत्र पान द्या, ही युक्ती साधी आहे, पण आयटी सपोर्टवाल्यांइतका हा कच्चा माल दुसऱ्या कोणाकडे तयार नसतो. एकाच पानावर १५ सेवांची यादी टाकली की त्यातल्या कुठल्याच शोधाला ते पान नीट जुळत नाही.

पान भरीव कसं करायचं, यासाठी तुम्ही दिलेलं विंडोज १० चं उदाहरण सगळ्यांनी वापरावं असं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. त्याच दिवशी मेलसाठी वापरल्या जाणाऱ्या एक्स्चेंज सर्व्हर २०१६ आणि २०१९ चाही संपला. ‘आम्ही अपग्रेड करून देतो’ एवढ्या एका ओळीच्या पानाला काही किंमत नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूटची सोय असलेलं यूईएफआय (मशीन सुरू करणारी नवी प्रणाली), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. टीपीएम अनेकदा मशीनमध्ये असतं, फक्त बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेलं असतं. जुन्या एमबीआर मांडणीच्या डिस्कचं नव्या जीपीटी मांडणीत रूपांतर केल्याशिवाय यूईएफआयवर जाता येत नाही आणि त्याआधी बॅकअप घ्यावाच लागतो. ही माहिती, तपासणीला लागणारा वेळ, कोणतं मशीन बदलावंच लागेल आणि आपण कोणत्या भागात येऊन हे काम करतो, एवढं असलेलं पान शोधणाऱ्याच्याही कामाचं आणि सर्च इंजिनच्याही.

भागांच्या नावाने पानं काढण्याबाबत तुम्ही काढलेली रेघ आम्ही कायमची पाळणार आहोत. तोच मजकूर ठेवून फक्त भागाचं नाव बदललेली पानं गुगलच्या स्पॅम धोरणात ‘डोअरवे’ म्हणून मोडतात. एखाद्या भागाचं पान तेव्हाच करायचं, जेव्हा तिथे सांगण्यासारखं वेगळं काही असेल: तिथे केलेल्या कामांचा प्रकार, पोचायला लागणारा वेळ, तिथल्या इमारतींमध्ये येणारी केबलिंगची अडचण. नाहीतर सेवेच्या पानावर भागाचा उल्लेख पुरे.

तांत्रिक यादी तुम्ही छोटी ठेवलीत. नवी साइट लाइव्ह करताना चाचणीच्या वेळचा नोइंडेक्स टॅग (पान शोधात दाखवू नका, असं सांगणारी खूण) राहून गेला नाही ना, पानांच्या जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे कायमचं वळवणारे ३०१ रिडायरेक्ट आहेत ना, फोन नंबर चित्रात न ठेवता मजकुरात आणि टॅप केल्यावर लागणारा आहे ना. जेसन-एलडी स्कीमामध्ये (सर्च इंजिनला वाचता यावी म्हणून पानाच्या कोडमध्ये दिलेल्या माहितीत) नाव, फोन, वेळा आणि सेवाक्षेत्र पानावर दिसतं तेच हवं. स्वतःच्याच साइटवरच्या रिव्ह्यूंना स्कीमा लावून निकालात रेटिंगच्या चांदण्या मिळवायची सोय गुगलने २०१९ मध्येच बंद केली, तरी अजून कोणी ना कोणी ती विकत असतंच. वेगाबद्दल तीन आकडे पुरेत: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, टॅपला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा, मजकूर हलण्याचं प्रमाण ०.१ च्या आत असावं. आयटी कंपन्यांच्या साइटवर हे बिघडतं ते बहुधा वरच्या मोठ्या सरकत्या चित्रांमुळे आणि चॅटच्या विजेटमुळे.

रिव्ह्यूंचं प्रकरण मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे तुम्ही जे पाहिलंत ते मार्केटिंगवाल्यांच्या नजरेतून सुटतं. आपल्या व्यवसायात समाधानी ग्राहकही गप्प राहतो. ‘आमच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर (खंडणीसाठी फायली अडकवणारा व्हायरस) आलं होतं, यांनी सोडवलं’ असं कोणती कंपनी जाहीर लिहील? म्हणून मोठ्या घटनेनंतर रिव्ह्यू मागायचा नाही. नवा लॅपटॉप लावून दिला, प्रिंटर चालू केला, मेल हलवून दिला, अशा निरुपद्रवी कामाचं तिकीट बंद करताना त्या दिवशीच लिंक पाठवायची आणि कोणतं काम झालं तेवढं लिहिलंत तर बरं होईल, अशी विनंती करायची. सूट किंवा भेट द्यायची नाही. खूश ग्राहकांनाच वेगळं काढून लिंक पाठवायचीही नाही, दोन्ही नियमाबाहेर आहे. तंत्रज्ञाच्या टॅबवरून किंवा आपल्याच ऑफिसच्या वायफायवरून रिव्ह्यू लिहून घेतले तर ते गाळले जाण्याची शक्यता मोठी.

उत्तर देताना ग्राहकाच्या यंत्रणेचा तपशील उघड करायचा नाही, ही तुमची सूचना सुरक्षिततेचीच आहे. ‘तुमचा फायरवॉल बदलला’ असं जाहीर उत्तर म्हणजे त्या कंपनीकडे काय बसवलं आहे याची हल्लेखोराला दिलेली माहिती. तक्रारीला उत्तर देतानाही तिकीट क्रमांक सांगून फोनवर बोलायचं, बाकी काही नाही. फोटोंना हाच नियम लागू. रॅकवरची लेबलं, फळ्यावरचे आयपी पत्ते, मॉनिटरला चिकटवलेला पासवर्ड, भिंतीवरचा वायफायचा क्यूआर कोड, यातलं काही फ्रेममध्ये आलं तर तो फोटो टाकायचा नाही. फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश भरून क्रम वाढतो या समजुतीवर वेळ घालवू नका, हेही तुम्ही एका ओळीत सांगून टाकलंत.

मोजणीबद्दलही ऋणी आहोत. स्वतःच्या ऑफिसात बसून शोधलं की आपण वर दिसणारच, कारण अंतर शून्य. सेवाक्षेत्रावर ठरावीक अंतराने बिंदू टाकून प्रत्येक ठिकाणाहून क्रम बघायचा, तेव्हा तो कुठे घसरतो ते कळतं. प्रोफाइलवरच्या वेबसाइटच्या लिंकला यूटीएम (लोक कुठून आले ते सांगणारी खूण) जोडायचं, नाहीतर तिथून आलेले लोक साध्या सर्चच्या आकड्यात मिसळून जातात. साइट शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांची माहिती असते, म्हणून मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करता येते. कॉल मोजण्यासाठी वेगळा नंबर वापरायचा असेल तर तो मुख्य म्हणून आणि खरा नंबर जादा म्हणून ठेवायचा, म्हणजे इतर ठिकाणच्या नोंदींशी जुळणी तुटत नाही.

बिंग आणि ॲपलच्या नकाशांवरच्या व्यवसायाच्या नोंदींमध्ये आणि डिरेक्टऱ्यांवर एकसारखं नाव, पत्ता आणि फोन ठेवायला तुम्ही करून दिलेला तक्ता आम्ही तसाच वापरतो आहोत. नोंद कुठे आहे, लॉगिन कोणाच्या मेलवर आहे आणि शेवटची तपासणी कधी झाली, हे तीन रकाने त्यात आहेत. लॉगिनचा रकाना सगळ्यात कामाचा, कारण सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या खासगी मेलवर मालकी राहिली की प्रोफाइल परत मिळवण्यात आठवडे जातात.

ताई, हे सगळं तुम्ही कुठलीही घाई न करता, आमचे उलटसुलट प्रश्न ऐकून घेत समजावलंत आणि पहिल्या क्रमांकाची हमी एकदाही दिली नाहीत. तुमच्या वेळेबद्दल आणि या प्रामाणिकपणाबद्दल मनापासून आभार. मुख्य कॅटेगरी बदलली तर पुढचे काही आठवडे दुसरं काही बदलायचं नाही, म्हणजे परिणाम कशाचा ते समजेल, ही तुमची शेवटची सूचना सध्या पाळतो आहोत. त्यानंतरचे आकडे तुम्हाला पाठवूच.

आपले कृतज्ञ,
आयटी सपोर्टचं काम करणारे आम्ही सगळे