लेख उतरवून घेतला, नोंद मात्र राहिली

मा. संपादक,

स. न. वि. वि.

संशोधनविषयक नियतकालिकांची वर्गणी सरकारने एकत्रित भरून ती शिक्षण व संशोधन संस्थांना वाचायला द्यायची, अशा ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेविषयी वर्तमानपत्रांतून जे छापून येते, ते मी आवर्जून वाचतो. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ही योजना १ जानेवारी २०२५पासून अमलात आली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आणि केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील ६,३००हून अधिक संस्था, असा तिचा पसारा आहे. हा पैसा परदेशी प्रकाशकांना द्यावा की न द्यावा, यावर पुष्कळ चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मला मात्र त्यापुढच्या टप्प्याविषयी लिहायचे आहे. शोधनिबंध विद्यार्थ्याच्या संगणकावर उतरला, की त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न या चर्चेत कुठेही दिसत नाही. महाविद्यालयीन ग्रंथालयात उभी नोकरी केल्यामुळे मला तो वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

बहुतेक वेळा त्या निबंधाचे काहीच होत नाही. तो ‘डाउनलोड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो. प्रकाशकाच्या संकेतस्थळाने फाइलला दिलेले नाव म्हणजे अनेकदा नुसती आकडे आणि अक्षरे यांची माळ असते. जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावरून घेतलेल्या निबंधाचे नाव तर केवळ एक क्रमांक असतो. आपल्याकडील ‘शोधगंगा’ या प्रबंधभांडारात प्रत्येक प्रबंध प्रकरणवार तोडून ठेवलेला असल्यामुळे वेगळीच गंमत होते. पाच विद्यापीठांतील पाच प्रबंधांची तिसरी प्रकरणे उतरवून घेतली, तर पाचही फाइलींची नावे जवळजवळ सारखी असतात आणि त्यांतील एकीवरही प्रबंधकाराचे नाव नसते. वाचताना विद्यार्थ्याला सारे लख्ख आठवत असते. दोन-तीन वर्षांनी संदर्भसूची करायला बसल्यावर कोणते वाक्य कोणत्या लेखातले, तो लेख कोणत्या खंडातला, पृष्ठ कोणते, हे शोधण्यात आठवडेच्या आठवडे जातात. मग घाईघाईने दुसऱ्या कोणाच्या तरी प्रबंधातील सूची उचलली जाते आणि तीमधील चुकाही तिच्याबरोबर येतात. मूळ लेख न पाहता दिलेला संदर्भ अनुभवी परीक्षकाला सहसा अशा चुकांवरूनच ओळखू येतो.

जुन्या संशोधकांना हा त्रास नव्हता, असे मी म्हणणार नाही. पण लेख हातात असतानाच त्याची नोंद करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. अंक ग्रंथालयाला परत करायचा असे, त्यामुळे लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, अंक, पृष्ठे एवढे कार्डावर उतरवल्याशिवाय कोणी जागेवरून उठत नसे. आता लेख कायमचा आपल्याकडे राहतो असे वाटते आणि त्यामुळेच नोंद राहून जाते.

ही नोंद आपोआप करून देणारी साधने वीस वर्षांपासून उपलब्ध आहेत आणि त्यांतले उत्तम साधन फुकट आहे, हे आपल्या अनेक महाविद्यालयांत अजून पोहोचलेले नाही. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासविषयक केंद्राने २००६मध्ये ‘झोटेरो’ हे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिले. ते संगणकावर घेऊन ब्राउझरमध्ये त्याचे बटण बसवले, की लेखाच्या पानावर असताना एकदा ते बटण दाबायचे; लेखक, शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठे आणि डीओआय (लेखाची कायमची ओळख ठरणारा) क्रमांक यांसह नोंद तयार होते आणि आपल्याला पाहण्याची परवानगी असेल तर पीडीएफही तिला जोडली जाते. आधीच साठलेल्या फाइली त्यात ओढून टाकल्या, तर त्यांतील बऱ्याच जणींची ओळख ते स्वतः पटवून घेते. एकच लेख ‘दुष्काळ’ या संग्रहात ठेवता येतो, ‘मराठवाडा’ या संग्रहातही ठेवता येतो आणि त्यासाठी त्याच्या दोन प्रती कराव्या लागत नाहीत. संगणकावरील साध्या फोल्डरांच्या रचनेत नेमके हेच जमत नाही आणि म्हणून एकाच लेखाच्या चार-चार प्रती साठत जातात. दोनदा आलेल्या नोंदी एकत्र करता येतात. वर्डमध्ये लिहिताना तिथेच संदर्भ घालता येतो आणि संदर्भ देण्याची पद्धत बदलायची झाली, तर सारी सूची नव्या पद्धतीत क्षणात उतरते. २०१९पासून तर संग्रहातला एखादा शोधनिबंध प्रसिद्धीनंतर सदोष म्हणून मागे घेतला गेला असल्यास तशी सूचनाही त्यात मिळते. वैद्यक आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र यंत्राने केलेली नोंद तपासावी लागते. इंग्रजी शीर्षक सगळे कॅपिटल अक्षरांत येणे, आडनावाच्या जागी पहिले नाव जाणे, अंकाचा क्रमांक गळणे, हे सर्रास होते. नोंद झाल्याझाल्या तिच्यावर अर्धा मिनिट नजर फिरवली, तर पुढचे कित्येक तास वाचतात. खुणांच्या, म्हणजे टॅगच्या, बाबतीत मी विद्यार्थ्यांना नेहमी हात आखडता घ्यायला सांगतो. ‘शेती’, ‘कृषी’, ‘शेतकरी’ अशा तीन खुणा एकाच गोष्टीसाठी वापरणाऱ्याला त्याचे लेख सहा महिन्यांनी त्यालाच सापडत नाहीत. ग्रंथालयशास्त्रात विषयशीर्षकांच्या ठरलेल्या याद्या असतात त्या याचसाठी. पण त्या आमच्या धंद्याच्या गोष्टी झाल्या.

अशी सोय तर प्रकाशकांच्या आणि शोधयंत्रांच्या संकेतस्थळांवरही असते, मग वेगळ्या साधनाची गरज काय, असे कोणी विचारील. गूगल स्कॉलरवर ‘माय लायब्ररी’ आहे, जेस्टोरवर लेख साठवण्याची जागा आहे, वैद्यकीय लेखांच्या पबमेडवरही आहे. ती जरूर वापरावी, पण आपला एकमेव संग्रह तिथे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘साइटयूलाइक’ नावाचे संकेतस्थळ २००४पासून चालू होते. जगभरातील संशोधक आपले संदर्भ तिथे ठेवत होते आणि मार्च २०१९मध्ये ते बंद झाले. संदर्भ सांभाळणारे ‘मेंडेली’ हे दुसरे साधन २०१३मध्ये एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशनसंस्थेने विकत घेतले. पुढे २०२१मध्ये त्याचे मोबाइल ॲप बंद झाले आणि २०२२मध्ये जुनी डेस्कटॉप आवृत्ती नव्या वापरकर्त्यांना मिळेनाशी झाली. यात बेकायदा काही नाही, कंपनीचा तो निर्णय आहे. पण आपल्या दहा वर्षांच्या वाचनाची यादी दुसऱ्याच्या निर्णयावर किती अवलंबून ठेवायची, हे प्रत्येकाने ठरवावे. झोटेरोचा संग्रह आपल्या संगणकावरच एका फोल्डरमध्ये असतो. झोटेरो बंद करून त्या फोल्डरची प्रत अधूनमधून बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवली, की पुरते. तो फोल्डर उचलून गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्ससारख्या इंटरनेटवरील साठवणीत मात्र ठेवू नये, कारण त्याने आतली नोंदवही बिघडू शकते. झोटेरोच्या सर्व्हरवर फाइलींसाठी फुकट मिळणारी जागा ३०० एमबीच असली, तरी नोंदींना अशी मर्यादा नाही.

शिवाय सध्याच्या योजनेची मंजूर मुदत २०२७अखेरपर्यंत आहे. ती पुढे वाढेल अशी आशा आहे. पण विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रवेश तर योजना चालू असतानाही थांबतो. त्या दिवशी त्याच्याजवळ उरतो तो त्याने स्वतः नीट लावून ठेवलेला संग्रहच.

पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना ‘संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता’ हा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाने सक्तीचा केला आहे. वाङ्मयचौर्य म्हणजे काय, ते पकडणारी सॉफ्टवेअर कोणती, हे त्यात शिकवतात. माझी विनंती अशी, की त्यातील किमान चार तास विद्यार्थ्यांना संगणकापुढे बसवून त्यांच्याच विषयाचा संदर्भसंग्रह उभा करण्याला द्यावेत आणि ते काम ग्रंथपालाकडे सोपवावे. उसन्या मजकुराचा दोष पुष्कळदा लबाडीतून येत नाही; टिपण कोणत्या लेखातून घेतले हे न लिहिल्यामुळे काही महिन्यांनी दुसऱ्याचे वाक्य आपलेच वाटू लागते, त्यातून तो येतो. नोंदीलाच टिपण जोडण्याची सवय लागली, तर तपासणीच्या सॉफ्टवेअरला पकडायला पुष्कळच कमी उरेल.

आता मराठीतून संशोधन करणाऱ्यांची अडचण, जिच्यासाठी खरे तर हे पत्र लिहायला घेतले. वर सांगितलेली सारी सोय इंग्रजी नियतकालिकांच्या बाबतीत चालते, कारण प्रकाशकाने लेखाच्या पानामागे लेखक, शीर्षक, खंड, पृष्ठे ही माहिती यंत्राला वाचता येईल अशा रीतीने आधीच भरलेली असते आणि २०००पासून रूढ झालेला डीओआय क्रमांक लेखाला दिलेला असतो. झोटेरोचे बटण ती माहिती केवळ उचलते. मराठी नियतकालिकांच्या संकेतस्थळांवर, जिथे ती आहेत तिथे, बहुधा संपूर्ण अंकाची एकच पीडीएफ चढवलेली असते. त्या अंकातल्या चौदा लेखांपैकी आपल्याला हवा असलेला लेख वेगळा नोंदवायचा, तर सगळी माहिती हाताने भरावी लागते. पीडीएफ युनिकोड ही सर्व लिप्यांची सामायिक संकेतपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली असेल, तर पडद्यावर सुरेख मराठी दिसते आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा निरर्थक चिखल उमटतो. अशा अंकात ‘कुळकायदा’ हा शब्द शोधला, तर तो पानोपानी असूनही सापडत नाही. जुने अंक स्कॅन करून ठेवलेले असतील, तर ती केवळ छायाचित्रे असतात.

जुन्या अंकांच्या तारखांचा प्रश्न निराळाच आहे. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांची जुनी प्रकाशने शकगणनेतील आहेत. ‘शके १८४७’ असे तारखेच्या रकान्यात भरले, तर संगणक ते सन १८४७ समजतो आणि १९२५-२६मधला लेख पाऊणशे वर्षे मागे जाऊन बसतो. चैत्रापासूनच्या अंकांच्या शकवर्षात ७८ मिळवायचे आणि मार्गशीर्ष-पौषात इंग्रजी वर्ष बदलल्यावर फाल्गुनअखेरपर्यंत ७९, हे आजच्या विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. माझ्या मते तारखेच्या रकान्यात इसवी सन भरावा आणि मूळ शक, मास व अंक ‘अधिक माहिती’च्या रकान्यात जसेच्या तसे लिहावेत. लेखकांच्या नावांचेही असेच आहे. वि. का. राजवाडे मराठी लेखांत देवनागरीत येतात, इंग्रजी लेखांत रोमन लिपीत आणि तेही दोन-तीन वेगवेगळ्या वर्णलेखनांनी. संग्रहात ते तीन-चार वेगळे गृहस्थ होऊन बसतात. प्रत्येकाने आपल्या संग्रहापुरते एक रूप ठरवून तेच पाळावे, यापेक्षा चांगला उपाय मला आजवर सापडलेला नाही.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची वर्गीकृत सूची केली, ती संगणकाच्या साहाय्याशिवाय. मराठी नियतकालिकांतील एकेका लेखाची आजवरची सलग सूची मात्र माझ्या पाहण्यात नाही. काही मासिकांच्या स्वतंत्र सूची झाल्या आहेत, काही विद्यापीठीय प्रबंधांच्या रूपाने अप्रकाशित पडून आहेत. वर्षानुवर्षे खपून केलेल्या या सूची झोटेरोला वाचता येईल अशा स्वरूपात आणल्या, तर कोणाही विद्यार्थ्याला एका आज्ञेत हजारो नोंदी आपल्या संग्रहात घेता येतील. हे अवघड काम नाही, कंटाळवाणे आहे. ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्प द्यावेच लागतात. एका विद्यार्थ्याला एका मासिकाचे एक दशक वाटून दिले, तर प्रकल्पही होतील आणि सूचीही. झोटेरोमध्ये अनेकांनी मिळून चालवायचा सामायिक संग्रह करता येतो, त्यामुळे त्यासाठी नवे सॉफ्टवेअर बनवून घेण्याची, त्याच्या निविदा काढण्याची आणि पुढे ते बंद पडल्यावर हळहळण्याची गरज नाही.

चालू नियतकालिकांच्या संपादकांना माझे सांगणे एवढेच आहे, की आजच्या अंकापासून प्रत्येक लेखाची स्वतंत्र पीडीएफ युनिकोडमध्ये करावी, तिला स्वतंत्र पान द्यावे आणि लेखाच्या पहिल्याच पृष्ठावर नियतकालिकाचे नाव, वर्ष, अंक व पृष्ठे छापावीत. ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ हे नियतकालिक संकेतस्थळावर चालवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर वापरले, तर यंत्राला लागणारी माहिती लेखाच्या पानामागे आपोआप भरली जाते. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, सर्व्हरचा खर्च तेवढा येतो. डीओआयसाठी वार्षिक सभासदत्व घ्यावे लागते आणि अल्प वर्गणीवर चालणाऱ्या मासिकाला ते जड जाईल, हे मान्य आहे. अशा मासिकांसाठी एखाद्या विद्यापीठाने किंवा राज्य मराठी विकास संस्थेने एकत्रित सभासदत्व घेऊन क्रमांक वाटावेत, अशी माझी सूचना आहे. परदेशी नियतकालिकांच्या वर्गणीसाठी मंजूर झालेल्या रकमेपुढे हा खर्च हिशेबात धरण्याइतकाही नाही. स्कॅन केलेल्या जुन्या अंकांसाठी टेसरॅक्ट हे अक्षरे ओळखणारे मुक्त सॉफ्टवेअर मराठीही वाचते; जुन्या खिळ्यांच्या छपाईत ते पुष्कळ चुका करते, तरी ज्या पानावर काहीच शोधता येत नाही त्यापेक्षा चुकीचे का होईना, शोधता येणारे पान बरे.

आपल्या वाचकांत अशा नियतकालिकांचे संपादक व विश्वस्त, विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांचे सदस्य आणि सेवेतील ग्रंथपाल निश्चितच असतील. त्यांच्यापैकी कोणी एखाद्या मासिकाच्या सूचीचे काम याआधीच हाती घेतले असेल, तर त्याची माहिती आपल्या स्तंभातून प्रसिद्ध व्हावी, म्हणजे तेच काम दोन ठिकाणी होणार नाही.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा