गडग्याचा एक दगड

आदरणीय काका,

सादर नमस्कार. तुमचे नाव जाहीरपणे लिहू नये, ही तुमची अट पाळून हे पत्र लिहीत आहे.

जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील वेस्ट बँक या प्रदेशातल्या टेकड्यांवरच्या ज्यू वसाहतींचा जमीन कायदा समजून घेण्यासाठी मी मुंबईहून आले, तेव्हा आधी ज्यांचे दार ठोठावले त्या अभ्यासकाने ‘प्रकरण गुंतागुंतीचे आहे’ एवढे सांगून मला वाटेला लावले. ज्या सहलीचे मी पैसे भरले होते, तिच्या मार्गदर्शकाने तर धावत्या बसमधूनच वसाहतींच्या लाल कौलांकडे बोट दाखवले. त्या दोघांवरचा राग अजून ओसरलेला नाही. तुम्ही मात्र कोकणातून इस्रायलमधील लोद शहरात येऊन साठ वर्षे होत आली असताना, मोजणीदाराच्या नोकरीतून निवृत्त झाला असताना, केवळ मी मराठी बोलते म्हणून एक अख्खा दिवस मला दिलात.

रामल्लाच्या उत्तरेला, नाब्लसपासून हेब्रोनपर्यंत डोंगराच्या कण्यावरून जाणारा ६० क्रमांकाचा रस्ता सोडून आपण एका उतारावर चढलो. तिथे माझा पाय लागून ऑलिव्हच्या शेताच्या रचीव दगडी बांधावरचा एक दगड खाली घरंगळला. मी तशीच पुढे निघाले होते. तुम्ही काठी बाजूला ठेवून खाली उतरलात, तो दगड उचलून आणलात, दोनदा फिरवून त्याच्याच खोबणीत बसवलात आणि म्हणालात, “हा गडगा आहे, पोरी. हा पडला की शेतकऱ्याचा पुरावा पडतो.”

त्या एका वाक्याने मला तो सगळा प्रदेश उलगडला. १९६७च्या युद्धात इस्रायलने हा प्रदेश जॉर्डनकडून घेतल्यानंतर सुरुवातीच्या अनेक वसाहतींसाठी खासगी जमीन लष्करी गरजेच्या नावाखाली ताब्यात घेतली जात असे. ऑक्टोबर १९७९मध्ये एलोन मोरे या वसाहतीच्या खटल्यात इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने तसा एक ताबा रद्द ठरवला. त्यानंतर सरकार १८५८च्या ऑटोमन जमीन कायद्याकडे वळले. त्या कायद्यात दहा वर्षे कसलेल्या जमिनीवर कसणाऱ्याचा हक्क तयार होतो आणि सलग तीन वर्षे ती पडीक राहिली तर तो जाऊ शकतो. म्हणूनच उभा गडगा हा जमीन कसल्याचा पुरावा. गावकऱ्यांची शेते खोऱ्यांत आणि उतारावरच्या पायऱ्यांवर, तर माथे बहुतेक खडकाळ आणि न कसलेले. त्यामुळे ‘सरकारी जमीन’ अशी घोषणा प्रामुख्याने माथ्यांवर झाली आणि घरेही तिथेच उभी राहिली. उंचीवरून दिसणारा टापू, लष्करी विचार आणि बायबलमधील यहुदिया व शोमरोन (याच डोंगराळ प्रदेशाची जुनी नावे) यांची ओढ ही कारणे मी वाचली होती, परंतु माथा आणि उतार यांच्यामधली ती कायद्याची रेघ मला कोणी दाखवली नव्हती.

तुम्ही स्वतःच्या देशाची बाजूही झाकली नाहीत आणि तिच्यावरचे आक्षेपही झाकले नाहीत. जॉर्डनने १९५०मध्ये केलेले विलीनीकरण फारच थोड्या देशांनी मान्य केले होते, म्हणून हा भूभाग ‘व्याप्त’ नसून ‘वादग्रस्त’ आहे, ही इस्रायलची भूमिका तुम्ही सावकाश समजावलीत. त्याच दमात चौथ्या जिनिव्हा कराराचे ४९वे कलम व्यापणाऱ्या सत्तेला आपली लोकसंख्या तिथे वसवण्यास मनाई करते, हेही सांगितलेत. याच कलमाच्या आधारे जगातील बहुसंख्य देश या वसाहती बेकायदा मानतात आणि जुलै २०२४मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तसेच मत दिले. सरकारी मंजुरीशिवाय उभ्या राहिलेल्या वस्त्या तर इस्रायलच्या कायद्यातही बसत नाहीत. अमोना ही वस्ती खासगी पॅलेस्टिनी जमिनीवर असल्याने न्यायालयाच्या आदेशावरून २०१७मध्ये रिकामी करावी लागली, हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता.

तुम्ही त्या शेताच्या मालकाला ओळखत नव्हतात आणि तुम्ही काय केलेत हे त्याला कधी कळणारही नाही. कोणी पाहत नसताना परक्याच्या कष्टाची खूण जागेवर ठेवणारी माणसे मला फार थोडी भेटली आहेत, आणि त्यांतला एक माणूस माझ्याशी अलिबागकडच्या मराठीत बोलत होता, याचा मला अभिमान वाटतो.

प्रबंधातील नकाशात मी तो गडगा काढला आहे. त्या प्रमाणात तो केसाएवढाच दिसतो. प्रत टपालाने पाठवत आहे. मापात चूक आढळल्यास लाल शाईने खूण करून ती परत धाडावी.

तुमची ऋणी,
एक विद्यार्थिनी