आबांचा डबा

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "अगं आई, हवामानबदलावर शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही." मी विषय बदलला. पण फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तशीच बसून होते. हे वाक्य मी माहेरी याच सुरात ऐकलं आहे. तेव्हा विषय सिगारेटचा होता.

तुझे आजोबा पोस्टात होते. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. अडाणी मुळीच नव्हते. आजी त्यांच्या खोकल्यावरून काही बोलली की म्हणायचे, "डॉक्टरांचंच एकमत नाही." फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेले तेव्हा मी बी.एड. करत होते. त्यांचा सिगारेटचा पत्र्याचा डबा अजून माझ्याकडे आहे. लहानपणी तू त्यातली बटणं फरशीवर ओतून मोजत बसायचास, तोच. झाकणावर जिथं त्यांचा अंगठा टेकायचा, तिथला रंग उडालेला आहे.

'एकमत नाही' ही भाषा कुठं घडली, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांचे अंतर्गत कागद पुढं कोर्टकचेऱ्यांमधून बाहेर आले. त्यातल्या १९६९ च्या एका टिपणात साफ लिहिलं आहे की संशय हाच आपला माल. सिगारेट निर्धोक आहे हे सिद्ध करायची त्यांना गरजच नव्हती. लोक घोळात राहिले तरी धंदा चालत होता.

तेलवाल्यांनी हाच माल पुढं विकला. १९७७ मध्ये एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीतले शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी आपल्याच वरिष्ठांना सांगितलं की कोळसा आणि तेल जाळून हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आहे आणि त्यानं पृथ्वी तापणार. कंपनीनं ते उडवून लावलं नाही. उलट एका तेलवाहू जहाजावर यंत्रं बसवून समुद्रावरच्या हवेची मोजमापं सुरू केली. १९८२ च्या त्यांच्या अंतर्गत टिपणात एक आलेख आहे. २०१९ च्या आसपास हवेत दर दहा लाख भागांत साधारण ४१५ भाग कार्बन डायऑक्साइड असेल आणि तापमान जवळपास एक अंशानं वाढलेलं असेल, असं तो सांगतो. २०१९ च्या मे महिन्यात हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत आकडा ४१५ च्या घरात पोचला. तू इंजिनिअर आहेस. ३७ वर्षं आधी इतका नेमका अंदाज बांधणाऱ्यांना कळत नव्हतं, असं तू म्हणशील?

आणि लोकांना काय सांगितलं? १९८८ च्या जूनमध्ये 'नासा'चे जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटसमोर पृथ्वी तापू लागल्याचं खात्रीनं सांगितलं. पुढच्याच वर्षी तेल, कोळसा आणि मोटारींच्या कंपन्यांनी 'ग्लोबल क्लायमेट कोअलिशन' नावाची आघाडी उभी केली. १९९५ मध्ये तिच्याच तज्ज्ञांनी एका मसुद्यात लिहिलं होतं की हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया नाकारता येत नाही. बाहेर मात्र संशयाचाच प्रचार चालू राहिला. १९९७ मध्ये, हे वायू कमी करण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय क्योटो कराराच्या तोंडावर, एक्सॉनचे प्रमुख ली रेमंड बीजिंगला जाऊन म्हणाले की पृथ्वी वीस वर्षांपूर्वीपेक्षा थंड आहे. हे त्यांच्याच कंपनीतल्या माणसांनी केलेल्या कामाच्या उलट होतं. मला या एका वाक्याचा जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचा येत नाही.

माणसंसुद्धा काही तीच होती. फ्रेडरिक साइट्झ हे मोठे भौतिकशास्त्रज्ञ आधी एका सिगारेट कंपनीचे सल्लागार होते, नंतर हवामानबदलावर शंका काढणाऱ्यांच्या पुढच्या रांगेत दिसले.

लोक अडाणी आहेत म्हणून खोट्यावर विश्वास ठेवतात, असं कुणी म्हटलं की मला आबांची ती खुर्ची दिसते. रोज पेपर वाचणारा माणूस होता तो. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या तेल उद्योगाच्या संघटनेनं जो प्रचाराचा आराखडा केला, त्यात विजयाची खूणच ही ठरवली होती की सामान्य नागरिकाला हवामानशास्त्र अनिश्चित आहे असं वाटू लागावं. न कळणं हे असं पैसे मोजून पेरलेलं आहे, निखिल. तिथल्या पेपरांनी 'दोन्ही बाजू' म्हणून शास्त्रज्ञाशेजारी प्रचारकाला बसवलं. आणि मीही, विज्ञानाची शिक्षिका, कितीतरी वर्षं नववीच्या वर्गात "याबाबत दोन मतं आहेत" असं सांगून पुढच्या धड्याकडं वळले. त्या मुलांची मी अपराधी आहे.

रविवारी फोन कर. त्याआधी १९८२ चा तो आलेख शोधून काढ, नीट बघ, आणि मग माझ्याशी हवं तेवढं भांड. कुठला आकडा पटला नाही, कुठली पद्धत चुकली, ते सांग. 'एकमत नाही' एवढं मात्र मी ऐकून घेणार नाही. आबांचं ऐकून घेतलं होतं.

तुझी,
आई