विषय: थर्माकोलसाठी म्हणून विकलेल्या गोंदाने थर्माकोल विरघळतो, त्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाशी आज दुपारी शेवटचं बोललो. आता फोन करणार नाही, काय ते लेखी कळवा.

बाटलीत काय भरता हे तुम्हाला माहीत आहे. दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत 'लाकूड, चामडं, कापड, थर्माकोल' छापलं आहे. तो चौथा शब्द वाचून मी ती इतवारीतून घेतली. मी 28 मिलिमीटरच्या छोट्या सैनिक-पुतळ्यांचे वॉरगेम, म्हणजे टेबलावर जुन्या लढाया मांडायचे खेळ, खेळतो आणि त्यांना लागणारे डोंगर, तट, नाले घरीच बनवतो. या वेळी इंग्रज आणि नागपूरकर भोसल्यांमधली सीताबर्डीची लढाई होती, 26-27 नोव्हेंबर 1817 ची. दोन टेकड्या, मधला चिंचोळा पट्टा, आणि भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी जिंकलेली धाकटी टेकडी. तिचा उतार थर कापून, कटरने खडक कोरून तयार होता. तुमचा गोंद लावून वरचा थर बसवला आणि कडेने बुडबुडे यायला लागले. उचलून बघतो तर आत पोकळी. कोरलेले खडक ओघळून सपाट झालेले, बोट लावलं की चिकट तार निघते.

आता आजचा फोन. आधी म्हणाले, "सर, गोंद जास्त लागला असेल." नाही, पातळ हात दिला होता. मग म्हणाले, "नागपुरात ऊन फार, त्याने वितळलं असेल." थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन, ते मऊ पडायला शंभर अंशांच्या आसपास तापमान लागतं. आमचा मे महिना कितीही तापला तरी पारा तिथवर जात नाही, आणि मी घरात, पंख्याखाली काम करत होतो. थर्माकोल विरघळवणारं द्रावक, म्हणजे टोल्युइन की ॲसिटोन, आत आहे, एवढंच विचारलं. उत्तर आलं, "शाळेच्या प्रोजेक्टसाठी आमचा वेगळा गोंद आहे, मुलाला फोन द्या." मी सांगितलं, मुलाचं नाही, हे माझं काम आहे. पलीकडे कुणीतरी हसलं. ते मी स्पष्ट ऐकलं. वर, "खेळणंच आहे ना सर, एवढं मनाला काय लावून घेता?" फोन ठेवतो न ठेवतो तोच मेसेज आला की तक्रार समाधानकारक रीतीने निकाली काढली आहे. कुणाचं समाधान झालं? माझं झालेलं नाही. मी रात्री जागून केलेल्या कामाला हसण्याचा पगार तुम्ही देता का?

पांढरा, पाण्यातला पीव्हीए गोंद थर्माकोलला धक्का लावत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण दोन जाड शीटांच्या मध्ये पाणी उडून जायला वाट नसते, मधोमध तो ओलाच राहतो. म्हणून लवकर धरणारा आणि थर्माकोलला चालणारा गोंद हवा असतो, आणि तुमच्या बाटलीवर नेमकं तेच लिहिलंय. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'ज्वलनशील' आहे. कोणतं द्रावक वापरलंय, ते कुठेच नाही. आर्किटेक्चरची पोरं सबमिशनच्या आदल्या रात्री हीच बाटली उघडत असतील, त्यांचं काय?

वडिलांच्या सुतारकामाच्या दुकानात तुमच्याच मालाचे डबे असायचे. गिऱ्हाईकाने दुसरं नाव काढलं तर ते रागवायचे. म्हणून हे जास्त लागलं.

मला बाटलीचे पैसे परत हवेत, वाया गेलेल्या शीटांची भरपाई हवी आणि लेबलवरून 'थर्माकोल' हा शब्द काढून टाकल्याचं लेखी उत्तर हवं. पंधरा दिवस देतो. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार आणि नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. उरलेली बाटली, बिल आणि टेकडीचा खराब झालेला तुकडा जपून ठेवलाय. बॅच नंबरचा फोटो सोबत जोडला आहे. 'खेळणंच आहे' म्हणणाऱ्या माणसाने माफी मागावी, तीही लेखी.

आपला ग्राहक,
महाल, नागपूर