जादा किल्ली

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाल्या मिळाल्या तू स्टेटसला जो फोटो टाकलास, तो आधी काढून टाक. तू छान हसते आहेस, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार हातातल्या किल्लीबद्दल आहे. ती इतकी कॅमेऱ्यासमोर धरली आहेस की मी चष्मा लावून तिच्या खाचा मोजल्या. पाच आहेत, आणि कुठली खोल, कुठली उथळ, तेही दिसतं. कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं पुरतं. बाप उगाच घाबरवतोय असं वाटत असेल तर नेटवर शोध. २००८ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संगणकवाल्यांनी गच्चीवरून, १९५ फुटांवरून, खाली टेबलावर पडलेल्या किल्ल्यांचे फोटो काढले आणि त्यावरून खाचांची मापं काढून दाखवली. तू तर किल्ली दीड फुटावर धरली आहेस.

आता मुख्य विषय. परवा फोनवर म्हणालीस, “मी एकटीच तर राहणार आहे, दुसरी किल्ली कशाला?” एकटी राहणार म्हणूनच. घरात चौघं असली की किल्ली विसरणारा एक आणि दार उघडणारे तिघं असतात. तुझ्या दाराला नाइट लॅच आहे, म्हणजे दार नुसतं ढकललं तरी कुलूप लागतं. सकाळी कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला तू अनवाणी निघणार, गॅलरीचं दार उघडं असणार, वारा येणार आणि धाडकन दार लागणार. किल्ली आत, फोन आत, गॅसवर चहा. मग शेजाऱ्याच्या फोनवरून कुणीतरी कारागीर शोधायचा, तो येणार आणि पाच मिनिटांत ड्रिलने लॅचचं नाक फोडून मोकळा होणार. एवढ्या पैशात दहा किल्ल्या होतात.

पण बिल्डरने दिलेल्या किल्लीवरून डुप्लिकेट करू नकोस. आधी लॅचच बदल. त्या किल्लीने तुझ्याआधी कोण कोण दार उघडलंय याचा विचार कर: साइट ऑफिसातली पोरं, फरशीवाला, रंगारी, प्लंबर. आता तुझा सुतार आणि किचन ट्रॉलीवाला. यातला कुणी चोर आहे असं मी म्हणत नाही. पण प्रत्येकाच्या खिशात ती दोन-चार दिवस राहिली आहे आणि त्या दिवसांचा हिशेब कुणाकडेच नाही. म्हणून सगळं फर्निचर होऊ दे, शेवटचा माणूस बाहेर पडला की त्याच दिवशी जुना लॅच काढून नवा बसवायचा. आधी बदललास तर नवी किल्लीही सुताराच्या खिशात जाईल.

नव्या लॅचबरोबर बंद पाकिटात तीन-चार मूळ किल्ल्या येतात. त्यातली एक वापरायचीच नाही. ती इकडे सांगलीला आपल्या कपाटात पाठवून दे, पुढे जेव्हा जेव्हा डुप्लिकेट लागेल तेव्हा हिच्यावरूनच करायची. लोक नेमकं उलटं करतात. मूळ किल्ली रोज वापरून झिजवतात, मग झिजलेलीवरून एक करतात, ती हरवली की तिच्यावरून आणखी एक. दुकानात असं गिऱ्हाईक आलं की मी किल्ली हातात घेऊनच सांगायचो की ही नात आहे, आजी कुठे आहे ते बघून या.

हे का, तेही सांगतो, कारण तू इंजिनियर आहेस आणि तुला नुसतं “करू नकोस” म्हटलेलं चालत नाही. तुझ्या लॅचच्या नळीत पाच छोट्या पिना असतात आणि प्रत्येक पिन दोन तुकड्यांची, वर स्प्रिंग. किल्ली घातली की पिना खाचांवर चढतात आणि प्रत्येकीचा सांधा एका रेषेत आला तरच नळी फिरते. अमेरिकेतल्या येल बापलेकांनी एकोणिसाव्या शतकात हे बसवलं, धाकट्याने १८६१ मध्ये चपट्या किल्लीचं पेटंट घेतलं, आणि आजही तुझ्या दारात तेच आहे. साध्या कुलपात एका खोलीच्या खाचेत आणि पुढच्या खोलीच्या खाचेत फरक असतो तो अर्ध्या मिलिमीटरच्या आगेमागे. आता प्रत्येक नकलेत मशीन केसभर चुकतं असं धर. पहिल्या नकलेत ते खपून जातं, तिसऱ्या नकलेत किल्ली अडायला लागते. आपल्या आजोबांच्या वेळचं लिव्हरचं कुलूप, म्हणजे आत पिनांऐवजी चपट्या पट्ट्या असलेलं, याहून सोशिक होतं. गोदरेजनी १८९७ मध्ये लालबागला कुलपं करायला सुरुवात केली. दुकानात अलीगढची लिव्हरची कुलपंही यायची, त्यांच्या किल्ल्या आम्ही कानशीनेच करायचो.

आता करून घेताना काय बघायचं ते. मशीनवर दोन शिकंजे असतात. एकात मूळ किल्ली, दुसऱ्यात कोरी. मुळावर मशीनचं एक बोट फिरतं, कोरीवर त्याच चालीने कापणारी चक्री फिरते. सगळी गोम शिकंज्यात धरण्यात आहे. किल्लीच्या डोक्याखाली जो खांदा असतो तो दोन्हीकडे एकाच जागी टेकला पाहिजे. कारागीर गप्पा मारत घाईत धरेल तर खाचा बरोबर खोलीच्या होतील पण अर्धा-एक मिलिमीटर पुढेमागे सरकलेल्या, आणि किल्ली आत जाईल, फिरणार मात्र नाही. त्याआधीचं काम कोरी किल्ली निवडण्याचं. चांगला माणूस तुझी किल्ली डोळ्यासमोर टोकाकडून धरून तिच्या अंगावरची पन्हाळ, म्हणजे लांबीभर गेलेली खोबण, बघतो, मग फळ्यावरच्या शे-दोनशे कोऱ्यांतून एक काढतो आणि दोन्ही टोकाला टोक लावून बघतो. जो नुसता “जवळची आहे, बसेल” म्हणतो, तिथून उठायचं. किल्ली तयार झाल्यावर ती तारेच्या ब्रशवर धरायला लाव. खाचांच्या कडांना पितळेचा कीस चिकटलेला असतो, तो आत पडला की कुलूप खराब, आणि शिव्या मात्र किल्लीला.

आणि एक, पत्ता सांगू नकोस. “कुठे राहता मॅडम?” असं कुणी सहज विचारलं तर सहज उत्तर देऊ नकोस. किल्ली एकटी असली तर ते पितळ आहे, पत्ता कळला की ते दार आहे. सोसायटीच्या गेटसमोर बसणाऱ्याकडे जाण्यापेक्षा ऑफिसजवळचा बरा. रोख दे, ऑनलाइन दिलंस की नाव जातं. काम होईपर्यंत तिथेच उभी राहा आणि सांगितल्या तेवढ्याच किल्ल्या कापल्या ना ते बघ. हातात आधी मूळ घे, मग नवी. किल्लीवाल्याला घरी मात्र कधीच बोलवायचं नाही, कपाटाचं कुलूप बिघडलं तरी नाही. पेपरात येणाऱ्या बातम्या तू वाचत नाहीस, मी वाचतो. कपाटाचं हँडल दुरुस्त करून देतो म्हणून आत येतात, बाईला तेल आणायला नाहीतर किल्ली गॅसवर तापवून आणायला पाठवतात, आणि जाताना बजावतात की संध्याकाळपर्यंत कपाट उघडू नका. संध्याकाळी उघडतं तेव्हा दागिन्यांचा डबा रिकामा.

म्हणून सगळेच तसे नसतात. आपल्या दुकानासमोर फूटपाथवर बसणारे काका तुला आठवतील, लहानपणी तू त्यांची कानस उचलून आणायचीस. किल्ली हरवलेल्या कुलपाची नवी किल्ली ते कशी करायचे? कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काजळी चढवायची, कुलपात घालून दोन्ही बाजूंना हलकेच पीळ द्यायचा आणि बाहेर काढून उन्हात धरायची. जिथे पिन घासली तिथे काजळीत बारीक चमक दिसायची. तेवढ्याच जागी कानशीचा एक हात. परत काजळी, परत पीळ. हे ते बोलत बोलत करायचे. साबणावरचा ठसा घेऊन कुणी आलं तर ते वर न बघता म्हणायचे, “कुलूप घेऊन ये बाबा.” मीही दुकानात तोच नियम ठेवला होता. त्यापायी गिऱ्हाईकं गेली, तर गेली.

नवी किल्ली घरी आणलीस की दार उघडं ठेवून लावून बघ. बंद दारावर पहिली चाचणी घ्यायची नाही. बाहेरून दोन्ही फेरे फिरव, लॅचची जीभ, म्हणजे चौकटीत शिरतो तो खटका, पूर्ण बाहेर, पूर्ण आत. जोर लावावा लागला तर ती किल्ली नापास, परत ने. अडकली तर पिळू नकोस, मोडलेला तुकडा आत राहिला की मोठं काम होतं. पावसाळ्यात मात्र एकदम किल्लीला दोष देऊ नकोस. लाकडी दार फुगतं, चौकटीत जीभ घासते आणि किल्ली फिरत नाही. दार उघडं ठेवून फिरली तर सुताराला बोलव. आई सांगेल लॅचमध्ये खोबरेल घाल म्हणून. घालू नकोस. तेलावर धूळ बसते आणि दोन महिन्यांत आत काळा चिखल होतो. शिसपेन्सिलीचं टोक किल्लीच्या खाचांवर घासून चार वेळा आत-बाहेर कर, बास.

तुझ्या मित्राने डिजिटल लॉक सुचवलंय ते मला माहीत आहे. चांगलं असतं, हरकत नाही. पण ते पेन्सिल सेलवर चालतं, सेल उतरायच्या आधी बीप-बीप करतं आणि आपण रोज उद्यावर टाकतो. बहुतेक लॉकबरोबर अडचणीसाठी एक साधी किल्लीही येते. लोक ती कुठे ठेवतात? घरात, ड्रॉवरमध्ये.

आता कुणाकडे ठेवायची. याबाबत दुकानदारीत मला जे कळलं ते किल्ल्या कापण्यापेक्षा जास्त आहे, कारण गिऱ्हाईक किल्ली होईपर्यंत उभं राहून सांगतं की ही कुणासाठी. कुंडीखाली, चपलांच्या रॅकमध्ये, मीटरच्या पेटीमागे, फायरच्या होजच्या कपाटात ठेवायची नाही. या जागा तुला सुचल्या म्हणजे सगळ्यांना सुचतात. वॉचमनकडेही नको. माणूस चांगला असेल, पण वॉचमन एजन्सीचा असतो आणि बदलतो. त्याच्या टेबलावर खिळ्याला टांगलेली किल्ली मग कोणाची? किल्लीला फ्लॅटचा नंबर लिहिलेलं लेबल नको, रंगीत दोरा बांध.

एक किल्ली त्याच मजल्यावरच्या किंवा निदान त्याच बिल्डिंगमधल्या एका घरी दे. पण पहिल्या आठवड्यात नको. दोन-तीन महिने जाऊ देत. कोण पार्सल घेऊन ठेवतं, कोण ठेवलेलं पार्सल उघडून बघत नाही, कोण तुझ्याकडे कोण आलं होतं याची चौकशी करत नाही, ते बघ. तोवर एक ऑफिसात, कुलपाच्या खणात. कामवाल्या मावशींना द्यायची की नाही हे तुझं तू ठरव. दिलीस तर मनापासून दे. देऊन मग पर्स लपवत बसायचं हे त्या बाईच्या लक्षात येतं आणि ते वाईट.

आणि आम्ही. आईला तुझ्या घराची किल्ली हवी आहे. तिच्या डोक्यात काय आहे ते मी ओळखतो: पुण्याला कुणी जाणारं असलं की त्याच्याबरोबर डबे पाठवायचे आणि फ्रीज भरून ठेवायला सांगायचं. मी तिला स्पष्ट सांगितलंय की ती किल्ली अडचणीसाठी आहे, सांडग्यांसाठी नाही. आईच्या सासूबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, साखरेचा डबा काढायलासुद्धा विचारावं लागायचं, आणि तो जुडगा हातात आला तेव्हा आईची पस्तिशी उलटली होती. तुझा हप्ता तू भरतेस, तुझं दार कुणी उघडायचं ते तू ठरवायचं. आमच्याकडे किल्ली असली तरी आम्ही बेल वाजवू. तू नसताना कधी जावं लागलं तर आधी फोन येईल. हे मी आईसमोर लिहितोय आणि तिने मान डोलावली आहे, जरा उशिरा.

आपल्या इकडच्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे, पण आजवर तिचा उपयोग शून्य होता, कारण आई रात्री आतून वरची कडी घालायची. मागल्या गल्लीतले गुरुजी बाथरूममध्ये पडले तेव्हा मुलाच्या हातात किल्ली होती आणि आत कडी. शेवटी दार फोडलं. तेव्हापासून आपल्याकडे रात्री लॅचचे दोन फेरे, कडी नाही. तूही एकटी असताना हेच कर. नवा लॅच आतूनही किल्लीनेच उघडणारा असेल तर एक किल्ली दाराजवळ पण खिडकीतून हात पोचणार नाही अशी टांग, नाहीतर आग-धूर झाला की अंधारात पर्स शोधत बसशील.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. लॅच मी इथूनच आणतो, त्यासाठी तीन मापं कळव: दाराची जाडी किती मिलिमीटर, दाराच्या कडेपासून किल्लीच्या गोल भोकाच्या मध्यापर्यंत अंतर किती, आणि बाहेर उभं राहून बघितलं तर बिजागऱ्या डाव्या हाताला की उजव्या. मोजपट्टी नसेल तर सुताराची घे, पण मोज तू. दार आत उघडतं का बाहेर, तेही लिही. ड्रिल माझं मी आणतो, एक्स्टेंशन बोर्ड तेवढा तुझ्याकडे असू दे.

तुझे,
बाबा